नुकसानीचे सरकारी दरपत्रक

मोठी दुर्घटना घडली, की संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत मदतीचा आकडा जाहीर होतो. मृतांच्या वारसांना इतके लाख, जखमींना इतके हजार, उपचारांचा खर्च सरकार करणार. एकट्यादुकट्या माणसावर कुणी कोयता चालवला, तर मात्र चॅनेलची गाडी फिरकत नाही. गाडी नाही, तिथे मंत्री नाहीत. मंत्री नाहीत, तिथे आकडाही नाही.

खरे तर या एकट्यादुकट्यासाठी पक्का कायदा आहे. ३१ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे देश पार्टीच्या तयारीत असताना, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ लागू झाले. प्रत्येक राज्याने पीडितांच्या भरपाईची योजना आखावी, आरोपी सापडला नाही तरी पीडिताला मागणी करता यावी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी उरकून रक्कम ठरवावी, असे त्यात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत याच तरतुदीला ३९६ क्रमांक मिळाला. जुना क्रमांक ज्यांच्या कानावरही गेला नव्हता, त्यांची या बदलाने काही गैरसोय झाली नाही.

महाराष्ट्राने २०१३ च्या गांधीजयंतीला अत्याचारपीडित महिला व बालकांसाठी मनोधैर्य योजना सुरू केली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची महिला पीडितांसाठीची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर लागू झाली, तीही २०१८ च्या गांधीजयंतीलाच. सुट्टीच्या दिवशी सरकारी काम होत नाही, असे आता कुणी म्हणू नये.

या दुसऱ्या योजनेला जोडलेले दरपत्रक वाचण्यासारखे आहे. अॅसिडहल्ल्यात चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख. इजा पन्नास टक्क्यांहून अधिक असेल तर ५ ते ८ लाख, पन्नासच्या आत ३ ते ५, विसाच्या आत ३ ते ४. हात-पाय गमावल्यास अपंगत्व किती टक्के, यावर रक्कम; वीस, चाळीस आणि ऐंशी या तिथल्या सीमारेषा. एकोणचाळीस टक्के अपंगत्व आलेल्या बाईने नशिबाला बोल लावावा की डॉक्टरांना, हे परिशिष्टात दिलेले नाही. दर ठरवल्याशिवाय हिशेब होत नाही, हे मान्य. पण अॅसिड फेकणाऱ्याने टक्केवारी पाहून फेकलेले नसते.

रक्कम मंजूर झाली, की सरकारला पीडितेच्या भविष्याची काळजी लागते. पंचवीस टक्के हातात, पंचाहत्तर टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत. शिक्षण किंवा औषधपाण्यासाठी आधी काढता येतात, पण त्यासाठी पुन्हा अर्ज. शस्त्रक्रिया आज, व्याज परवा.

अर्थात, हे सगळे मंजुरीनंतरचे. त्याआधी एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, आधार, पासबुक आणि पासबुकावरचे नाव आधारशी जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र. खिडकीवर कुणी उद्धट बोलत नाही. ‘फाईल वर गेलीय, साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या,’ इतके सौजन्याने सांगितले जाते. सोमवार कोणता, हे विचारण्याची पद्धत नाही. अॅसिडहल्ल्यातील पीडितांना किमान तीन लाख द्या, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर बजावले होते. पंधरा दिवस म्हणजे खिडकीच्या भाषेत जेमतेम दोन सोमवार.

आणि अर्ज करायचा असतो, हे पीडिताला सांगायचे कुणी? पोलिसांना बंदोबस्त असतो, वकिलांना तारखा. उरले न्यायालय. खटला संपताना भरपाईची शिफारस करण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल आरोपीला शिक्षा झाली होती. सत्र न्यायालयाने मुलीच्या भरपाईचा आदेश मात्र दिलाच नव्हता. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने मग देशभरच्या सत्र न्यायालयांना सांगितले, की शारीरिक इजेच्या, विशेषतः महिला व बालकांवरील अत्याचाराच्या खटल्यांत भरपाईचा आदेश द्या आणि योग्य वाटल्यास अंतरिम रक्कमही द्या. तरतूद लागू होऊन तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती. आणि मुलीची ही भरपाई दिल्लीत आठवली, ती तिच्या अर्जावर नव्हे. सुनावणी आरोपीच्या जामिनाची चालली होती.