टांगत्या बागेचा मालक

बागेचा शौक आणि बाग दाखवण्याचा शौक हे दोन वेगळे आजार आहेत, आणि मला दुसरा झालेला आहे. पहिला असता तर मी गुपचूप गांडूळखत पसरून, हात धुऊन जेवायला बसलो असतो. दुसऱ्याला प्रेक्षक लागतात. माहूरगडाच्या रस्त्याला घर असल्यामुळे ते मला देवीच्या कृपेनं फुकट मिळतात. नवरात्रात अख्खा मराठवाडा, अर्धा विदर्भ आणि तेलंगणातल्या गाड्या माझ्या कुंपणासमोरून चढतात. एवढी मंडळी रेणुकेच्या भेटीला निघालेली असताना त्यांनी जाताजाता माझ्याही बागेवर एक नजर टाकावी, एवढंच माझं मागणं. देवीला राग यायचं कारण नाही. तिच्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात, माझ्यासाठी नुसती मान वळवायची.

अडचण अशी की जमिनीवरची बाग कुंपणामुळे रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून बाग वर न्यायचं ठरलं. अंगणात बापूंनी, म्हणजे वडिलांनी, लावलेला लिंब आहे, एक आंबा आहे, मागे शेवगा, कोपऱ्यात साग. फांद्या रिकाम्याच होत्या. म्हणजे मला रिकाम्या दिसल्या. त्यांच्यावर पानं, पाखरं, खारी, मुंगळे असं बरंच काही नांदत होतं; पण मी फांद्यांकडे भाड्यानं द्यायच्या जागेकडे बघावं तसा बघत होतो.

डोक्यात बाबिलोन होतं. तिथल्या टांगत्या बागा प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. गंमत म्हणजे बाबिलोनच्या स्वतःच्या एकाही लेखात त्यांचा उल्लेख सापडलेला नाही. जे काही लिहिलंय ते बहुतेक ग्रीक आणि रोमन मंडळींनी, तेही नंतर. बाग असल्याचा पुरावा नाही आणि तरी एवढं नाव! माझी तर चक्क असणार होती.

हार्डवेअरच्या दुकानात जीआय तार मागितली. दुकानदार म्हणाला, "सर, हीच न्या. एकदा आवळली की वीस वर्षं हलत नाही." मला फार बरं वाटलं. या वयात वीस वर्षांची हमी दुसरं कोण देतं? तार आणि पक्कड घेऊन मी लिंबाखाली स्टुलावर चढलो, तोच भिंतीपलीकडून शेजारच्या अक्कांचा आवाज आला.

"काऊन वो सर, लिंबाला फाशी देऊ लाले का?"

"नाही अक्का, कुंडी टांगतोय."

"मंग कुंडीला तार बांधा की. लिंबाचा गळा काऊन आवळू लाले?"

अक्कांचं शिक्षण चौथीपर्यंत. माझं बीएस्सी, त्यातही वनस्पतिशास्त्र. त्यामुळे त्या जे एका वाक्यात म्हणाल्या ते मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. झाड जाडीनं वाढतं, तार वाढत नाही. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या पदरातून मुळांकडे जातं. तार रुतली की तो रस्ता बंद होतो आणि पानांकडच्या बाजूनं फांदी सुजते, अंगठी अडकलेल्या बोटासारखी. आपल्या किनवट-माहूरच्या सागाच्या कानावर जाऊ नये, पण ब्रह्मदेशात इंग्रजांच्या काळी साग तोडायच्या आधी दोन-तीन वर्षं बुंध्याभोवती गोल खाच पाडून ठेवत. झाड उभ्या उभ्या वाळे. ओला साग पाण्यात बुडतो, आणि ओंडके तर नदीतून वाहवत न्यायचे असत. कुऱ्हाडीनं दोन-तीन वर्षांत साधणारं काम तार जरा सावकाश करते, इतकंच. दुकानदारानं दिलेली हमी तारेची होती. लिंबाची नव्हती.

"हेच म्हणलं मी," अक्का म्हणाल्या.

मग खिळा? खिळा ठोकावा का? याचं उत्तर माझ्याच लिंबावर आहे. बुंध्याला माझ्या छातीच्या उंचीवर एक गाठ आहे. आत बापूंनी ठोकलेला खिळा आहे. आंघोळीला बसण्याआधी ते त्याला सदरा अडकवत. लहानपणी माझी खात्री होती की झाड वाढेल तसा हा खिळा वर वर जाणार आणि एक दिवस सदरा काढायला बापूंना शिडी लावावी लागणार. तो दिवस बघायची मला फार घाई होती. पण झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खिळा ठोकल्या जागीच राहतो. वर गेलो तो मी, आणि बापूही गेले. लिंबानं खिळा थोडा थोडा करत गिळला, आता त्याची टोपीसुद्धा दिसत नाही. येताजाता मी त्या गाठीला हात लावतो. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही. उगाच लोक जपायला लागतात.

अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे संशोधक होते. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आतल्या जखमा तपासल्या आणि 1977 साली मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नसते. झाड तिच्याभोवती भिंती घालतं, ती आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणजे बापूंचा खिळा बरा झालेला नाही. तो आत जसाच्या तसा आहे आणि लिंब त्याच्यासकट जगतो आहे.

एक खिळा झाड सोसतं. पण आपल्याकडे एकावर कोण थांबतं? कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. रस्त्याकडेच्या झाडावर छातीपासून डोक्यापर्यंत पोलीस भरती, एनए प्लॉट, स्पोकन इंग्लिश आणि मूळव्याध. पाटीला चार खिळे, पाटी गेली तरी खिळे तिथंच, नवी पाटी नव्या खिळ्यांवर. सणाला रोषणाईच्या वायरी गुंडाळायच्या आणि सण झाला की बल्ब तेवढे काढून न्यायचे. शहरांसाठी 1975चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा झाड तोडण्यातच धरलंय. पुण्यात तर पोरांनी पक्कड-कटावणी घेऊन झाडांचे खिळे उपटायची मोहीम काढली. मला या विषयावर मनापासून संताप येतो. अक्कांपुढे मी तो हातवारे करून व्यक्तही केला. हातवारे करताना हातात तारेचं भेंडोळं होतं, हे अक्कांनी नजरेनंच दाखवून दिलं.

मग तार नको, खिळा नको, तर बांधायचं कशानं? हे अक्कांना ठाऊक होतं; त्यांचं माहेर पानमळ्याचं. आता पानमळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं तांबुलाबद्दल सांगतो. थोडं म्हणजे माझं थोडं.

आमच्या देवीचा प्रसाद तांबुलाचा. विड्याचं पान, काथ, सुपारी, बडीशेप, लवंग, वेलदोडा असं सगळं एकत्र कुटायचं, दातांना कामच उरणार नाही इतकं. गडावर चढताना खलबत्त्यांचा आवाज आधी येतो, मग वास, मग देऊळ. बाकीच्या देवस्थानांचा प्रसाद पिशवीत घालून घरी नेता येतो. तांबूल जागीच तोंडात टाकावासा वाटतो, म्हणून आमच्याकडून उतरणाऱ्या माणसाचं दर्शन झालं की नाही, हे ओठांवरून कळतं. कवळी घरी विसरून आलेले आजोबा आणि दुधाचे दात पडलेला त्यांचा नातू पायरीवर शेजारी बसून सारख्याच वेगानं तांबूल खातात. इतकी समता मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवूनही आणू शकलो नाही. साखरेचा आजार असलेले माझे एक मित्र गुलकंद घातलेला तांबूल 'प्रसाद आहे' म्हणून खातात आणि 'औषध आहे' म्हणून पुन्हा मागतात. लोखंडी खल बरा की दगडी, यावर मी ऐकलेले वाद साहित्य संमेलनात शोभतील असे आहेत. माझं मत दगडी. काथ आधी घालावा की मागून, यावरही मला मत आहे, पण आतून "विषय काय होता?" असा आवाज आल्यामुळे थांबतो.

विषय असा, की ते पान येतं कुठून? नागवेल झाडावरच वाढते. पानमळ्यात तिला आधी शेवरी, हादगा, पांगारा अशा झाडांचा आधार लावतात. वेल सालीला मुळं चिकटवून वर चढते, पण झाडातलं काही पीत नाही. तिचं खाणंपिणं खाली मातीत. बांडगुळासारखी ती मालकाच्या नळाला पाईप जोडत नाही. आणि तिला बांधतात कशानं? लव्हाळ्यानं, नाहीतर केळीच्या सोपटानं. अक्का हे सांगताना नुसत्या हवेत बोटं फिरवून गाठ मारून दाखवत होत्या: सैल वेढा, एक पीळ, टोक आत खोचलेलं. "पावसात सडतं की मग," मी म्हणालो. "सडाया पायजेच," अक्का म्हणाल्या. "तवर वेल वर गेलेली असती. मंग वर नवं बांधायचं." वेल फार उंच गेली की तिची उतरण करायची. आधारावरून सोडवून खाली घ्यायची, खालचं खोड गुंडाळून मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा हाताच्या उंचीला बांधायचा. वडाला गुंडाळायचा सुती दोराही असाच पावसाळ्याअखेर गळून जायचा. हल्ली नायलॉनचा मिळतो, स्वस्त आणि टिकाऊ. सात जन्मांचा नवरा टिकाऊ हवा हे मान्य, पण वडाचं काय?

मग माझी बाग अक्कांच्या देखरेखीखाली टांगली गेली. पहिल्यांदा शेवगा बाद झाला. त्याची फांदी स्वतःच्या शेंगांनी मोडते. आंबा त्याच्या कामात होता. साग मला रुबाबदार वाटत होता, पण एप्रिलात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा नेमका हा गडी पानं टाकून उघडा उभा. लिंबाला मात्र पाडव्यापर्यंत नवी पालवी येते. घरात जो काम करतो त्यालाच आणखी काम मिळतं, त्या न्यायानं सगळ्या कुंड्या लिंबावर. आठ इंची कुंडी ओल्या मातीसकट सात-आठ किलो भरते, म्हणून मातीत नारळाचा भुसा कालवून ती हलकी केली. जाडजूड फांद्या निवडल्या, त्याही बुंध्याजवळ. फांदीवर जुन्या लुगड्याची घडी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी, दोन बोटं सहज फिरतील इतकी सैल, आणि कुंडी खाली 'एस' आकाराच्या हुकात. तार फक्त कुंडीच्या गळ्यात. दर पावसाळ्याआधी पट्टी सोडून हातभर सरकवायची. पाणी फांदीवरून ओघळत राहू नये म्हणून झारी कुंडीतच. वीस वर्षांची हमी कशालाच नाही.

ऑफिस टाईमची रोपं हौसेनं वर चढवली होती. फूल दहाच्या उन्हात उमलणारं; लिंबाच्या सावलीत गेल्यावर रोपांनी ऑफिसला कायमची दांडी मारली. ती खाली आणली. वर नेचे आणि स्पायडर प्लांट राहिले. मनीप्लांट अक्कांनी कुंडीतून काढून बुंध्यापाशी मातीत लावायला लावला. लोंबत राहिला तर त्याची पानं बोटभरच राहतात, चढायला मिळालं की तळहाताएवढी होतात. आता तो बापूंच्या गाठीच्या पुढे गेलाय.

नवरात्र आलं. गाड्या वळणावर हळू होतात हे खरं, पण पुढे खड्डा आहे म्हणून. तरी एका गाडीनं काच खाली केली, मोबाईल बाहेर आला. मी बंडी ठीक करून सहज झारी घेऊन उभा राहिलो. त्याच वेळी गडावरचं एक थोरलं वानर भिंतीवरून लिंबावर आलं, हिरव्यागार नेच्याच्या कुंडीत मांडी घालून बसलं आणि झोके घेऊ लागलं. ट्यूबच्या पट्टीनं कुंडी आणि वानर दोन्ही पेललं, याचा मला तांत्रिकदृष्ट्या अभिमान वाटला. गाडीतली सगळी माणसं फोटो काढायला उतरली. मला कुणीतरी "काका, जरा बाजूला" म्हणालं.

तोच फोटो फिरत फिरत आमच्या घराण्याच्या ग्रुपवर आला. पुण्याच्या चुलतभावाला मी लगेच लिहिलं की ही आपली बाग. तिकडून उत्तर आलं: "वानर छान आलंय. आमच्या सोसायटीत अलाउड नाही."