राजीनामा द्या म्हणे!

अहो, ऐकलंत का? कढीपत्ता मागाहून तोडा, आधी इकडे या, कुंपणाजवळ. समोरच्या वहिनींनी परवा भाऊजींच्या ऑफिसात काय दाणादाण उडवून दिली म्हणे!

भाऊजींचा उजवा हात झटक्यानंतर कामातून गेलाय, हे तर तुम्ही बघताच. सरकारी गाडीवर उभी हयात काढलेला माणूस. कात्रजचा जुना घाट रात्रीबेरात्री असा उतरवायचे की मागचे साहेब घोरत असायचे... तर काय सांगत होते, रुग्णता पेन्शनचा अर्ज केला. मेडिकल बोर्डानं लिहिलं, ड्रायव्हिंगला अनफिट, पण बसून हलकं काम जमेल. झालं! त्या एका ओळीवर पेन्शन नामंजूर. पूर्ण असमर्थ नाहीत ना! बरं, मग हलकं काम द्या. तर म्हणे, तशी पोस्टच नाही.

वर आस्थापनेचा क्लार्क काय म्हणतो, "काका, राजीनामा देऊन टाका, सुटसुटीत होईल."

सुटसुटीत! अहो, राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी पाण्यात, पेन्शनही गेली. हे त्याला ठाऊक नसेल होय? आणि भाऊजी, बिचारे, डाव्या हातानं सही गिरवायला बसलेसुद्धा! वहिनींनी कागदच ओढला.

मग भाचा आला मदतीला, लॉ करतोय तो. त्यानं 2016 चा दिव्यांग कायदा काढला, कलम 20. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. पोस्ट नसेल तर मिळेपर्यंत, नाहीतर रिटायर होईपर्यंत, जादाची पोस्ट तयार करायची. पंजाबात वीजमंडळाचा लाइनमन होता ना, भगवान दास, दृष्टी गेलेला? त्यानं तर स्वतःच निवृत्त करा म्हणून लिहून दिलं होतं. तरी 2008 साली, तेव्हाच्या जुन्या कायद्याखालीसुद्धा, सुप्रीम कोर्ट म्हणालं, नोकरी चालूच धरा!

तर वहिनी गेल्या. क्लार्क म्हणाला, "मॅडम, अपील म्हणजे फार वेळ जातो हो." "जाऊ दे की," म्हणाल्या, "लिहूनच आणलंय." पर्समधून दोन कॉप्या. एक तर पेन्शन द्या, नाहीतर टेबल द्या, पगार तोच. साहेबांनी कलम 20 पाशी लाल रेघ बघितली आणि चेहरा असा उतरला... समोरच्या चहावर साय धरली म्हणे. दुसऱ्या कॉपीवर पोचेचा शिक्का पडेपर्यंत वहिनी खुर्चीतून हलल्या नाहीत.

आपल्या तळमजल्यावरच्या काकू नाक मुरडतात, बाईमाणसानं ऑफिसात कशाला जायचं! मला विचाराल तर पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं.

आता या अपिलालाही नाही म्हणाले तर मुंबईला मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, जाणार. तिथं वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून वकील आत्ताच बघून ठेवलाय, जावेच्या माहेरचा. फी घेणार नाही म्हणतो... पण त्या जावेशी वहिनींचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं ना? ते कसं जुळलं, ते तर मी अजून सांगितलंच नाही!