समर्पणमामा

मंडळी नगरची असो, जालन्याची असो की पिंपरीची, तिच्यात एक समर्पणमामा असतातच. पुढून तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली, कडेची जागा त्यांची. तिथे चुकून कुणी पाहुणा बसला तर मामा त्याला उठवत नाहीत. नुसते शेजारी उभे राहतात, डोळे मिटतात आणि प्रार्थनेला लागतात. पाहुणा आपणहून सरकतो. मामा बसतात आणि प्रभूचे आभार मानतात.

मामांनी आपलं सगळं आयुष्य प्रभूच्या हाती सोपवलं आहे. हे गुपित नाही. लग्नात, मयतीत, रेशनच्या रांगेत, जिथे चार माणसं भेटतील तिथे ते हे सांगतात. सोपवलेलं नीट चाललं आहे की नाही, यावर मात्र त्यांची बारीक नजर असते. बँकेत ठेव ठेवून रोज पासबुक भरून आणणारा पेन्शनर जसा, तशी.

नगरहून पुण्याला निघाले की स्टँडवर म्हणणार, "जागा मिळेल न मिळेल, प्रभूची इच्छा." गाडी फलाटाला लागायच्या आत मामा खिडकीशी असतात, रुमाल आत पडलेला असतो, आणि दारात पोरीबाळींची रेटारेटी चाललेली असते. पुढे सुप्यापर्यंत शेजारच्याला साक्ष ऐकावी लागते की प्रभूने आपल्यासाठी जागा कशी राखून ठेवली. रुमालाचा उल्लेख साक्षीत येत नाही.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असते, आणि ती ऐकावीच लागते, कारण ती लवकर संपत नाही. "हे स्वर्गीय बापा, तुला सर्व काही ठाऊक आहे," अशी सुरुवात. मग जे बापाला ठाऊक आहे ते त्याला सविस्तर सांगितलं जातं: जमिनीचा गट नंबर, भावकीतल्या कुणाची सही अडली आहे, तलाठी कधीपासून रजेवर आहे. "सगळं तुझ्या इच्छेने होवो, बापा. फक्त एवढंच, की पूर्वेकडचा बांध आपल्याकडे यावा." 'आपल्याकडे' म्हणताना बापालाही त्यांनी सातबाऱ्यावर घेतलेलं असतं. सार्वजनिक प्रार्थना असली तर सूचनाफलकाचंही काम उरकतं. "प्रभू, तू जाणतोस की संडे स्कूलची सहल सकाळी सातला निघणार आहे आणि ज्याने त्याने आपापला डबा आणायचा आहे." डोळे मिटलेल्या आया मनातल्या मनात नोंद करतात. उशिरा येणाऱ्यांचा समाचारही इथेच घेतला जातो, आणि प्रार्थनेत कुणाला उलट उत्तर देता येत नाही.

या "फक्त एवढंच"मध्ये मामांचं सगळं धर्मशास्त्र आहे. गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने आधी आपल्या मनातलं बापापुढे मांडलं, हा प्याला टळला तर बरं म्हणून, आणि मग स्वतःची इच्छा त्याच्या स्वाधीन केली. मामा क्रम उलटा लावतात. आधी स्वाधीन करून मोकळे होतात आणि मग मागण्यांची यादी काढतात. मला विचाराल तर यात ढोंग नाही. मामा अगदी मनापासून वाकतात. मात्र वाकताना बाकावरची जागा, बांध आणि खुर्ची यांच्यावरचा हात त्यांना काढवत नाही. आणि असा हात आपल्यापैकी किती जणांना काढवतो?

खुर्ची म्हणजे चर्च कमिटीची. दर निवडणुकीला मामा सांगतात, आता उभं राहायचं नाही, प्रभूने सांगितलं तरच. प्रभू अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सांगतो. निवडून आले तर ती प्रभूची निवड. पडले तर त्यामागे दोन घराण्यांची नावं निघतात, प्रभूचं नाव निघत नाही. पाळकसाहेबांची बदली झाली, आणि ते मामांना पटत नसले, तर ती देवाची योजना. पटत असले तर सह्यांची मोहीम.

उपदेशाची संधी मिळाली की मामा रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर येतात. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो, तो खराच. सोमवारी तेच मामा महागाई भत्त्याच्या फरकासाठी कोषागारात हजर असतात. मामींनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं आहे, आणि एकदा नव्हे. टिळक देवावर हवाला ठेवून हातातलं देऊन मोकळे होणार आणि चुलीचं काय ते लक्ष्मीबाईंनी बघायचं, हे त्या पुस्तकात ज्या खट्याळपणे येतं, त्याला मराठीत तोड नाही. मामी म्हणतात, "टिळकांनी निदान खरंच देऊन टाकलं. आमच्याकडे सिलिंडरचा नंबर तेवढा प्रभूवर सोडतात."

देण्यावरून सुगीच्या सणाचा लिलाव आठवतो. उपासनेत जो तो आपल्या रानातलं, परड्यातलं वेदीपुढे आणून ठेवतो: जोंधळ्याची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की अंगणात बोली लागते आणि पैसे मंडळीच्या पेटीत जातात. मामांनी लाल तुऱ्याचा टपोरा गावरान कोंबडा अर्पण केला होता. प्रार्थनेत त्यांनी अब्राहाम आणि इसहाकापर्यंत मजल मारली. प्रिय ते द्यावं, म्हणाले. बोली सुरू झाली आणि त्यांना इसहाक परत मिळाला होता हेही आठवलं.

"दोनशे," मामा म्हणाले.

मागून एका पोराने तीनशे केले. पोरगा पुण्याला आयटीत, सणाला आलेला. मामांनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याच्या बापाकडे पाहिलं. बापाने पोराच्या पायावर पाय दिला. "तीनशे दहा," मामा म्हणाले. कोंबडा काखोटीला मारून ते निघाले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. देवाला दिलं, देवाने परत दिलं, वर पेटीत तीनशे दहा पडले. पोरगं तेवढं चडफडत होतं.

मुलीच्या लग्नाचं तर त्यांनी पूर्णपणे प्रभूवर सोडलं होतं. प्रभूने ठरवलेला मुलगा चालेल, फक्त एवढंच, की नोकरी कायम हवी, फ्लॅट स्वतःचा हवा आणि मंडळी आपलीच हवी. मुलीने एक दिवस स्वतःच मुलगा आणला. फ्लॅट भाड्याचा, मंडळी दुसरी. मामा आठवडाभर उपासाला बसले. मामींनी तेवढ्या दिवसांत दोन्हीकडच्या पाळकांना भेटून तारीख धरली. आता जावई आला की मामा लोकांना सांगतात, "प्रभूने निवडलेला हिरा."

परवा आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती. भाच्याला नोकरी लागली म्हणून उपकारस्तुती, आणि नंतर जेवण. ताटं वाढून झाली होती, मटणाच्या रश्श्यावर तवंग धरत होता, आणि मामा भाच्याच्या बढतीपर्यंत पोहोचले होते. मग कंपनीचा गणवेश, मग वसतिगृहातलं पाणी. "सगळं तुझ्या हाती, बापा, फक्त एवढंच…"

"आमेन," मामी ठामपणे म्हणाल्या.

सगळ्यांनी झटकन आमेन म्हटलं आणि डोळे उघडले. मामांनी एक डोळा उघडला. "अजून एक मुद्दा राहिला होता."

"तो त्याला ठाऊक आहे. जेवा."

मामा मुकाट्याने मांडी सावरून बसले. भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, चव घेतली. मग मामींकडे न बघता म्हणाले, "तू म्हणशील तसं. फक्त एवढंच, की हे जरा गरम करून आण."