काही नाही, घरीच असते!

अहो, ऐकलंत का? या ना इकडे, कुंपणापाशी. हळू बोलते, भाऊजी पडवीतच बसलेत.

त्या टेम्पोवाल्याचं हो! तासगाव रस्त्याला भाऊजींच्या दुचाकीला मागून ठोकलं, भाऊजी गवतात पडले, साधं खरचटलं नाही, आणि मागं बसलेल्या वहिनींचा पाय दोन ठिकाणी... जाऊ दे, तुम्ही आला होतातच की सिव्हिलला. तर आठव्या दिवशी टेम्पोचा मालक पाकीट घेऊन दारात. 40,000! "केसबीस नको, मिटवून टाकू." भाऊजींचा हात निम्मा पुढे गेलासुद्धा. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता, म्हणून दिसलं. तेवढ्यात वहिनींच्या आई आतून म्हणाल्या, "टेम्पोला थर्ड पार्टी विमा असेल की. मग तुम्ही कशाला खिशात हात घालता?" सातवी शिकलेली बाई! मालकाचा चेहरा असा पडला... नंतर कळलं, विमा चालू होता, पण ड्रायव्हरकडे लायसनच नव्हतं. वकील म्हणाले, अशा वेळी कोर्ट बहुतेक कंपनीला आधी भरायला लावतं आणि कंपनी मग मालकाकडून वसूल करते. आता कळलं पाकिटाचं?

तर काय सांगत होते... हां, वकील. अपघाताला पाच महिने होत आलेले, तेव्हा कुठे भाऊजी-वहिनी त्यांच्याकडे गेले. वकील ओरडलेच. 2022 पासून क्लेमला सहा महिन्यांची मुदत आहे म्हणे. एफआयआर, पंचनामा, बिलं, सिव्हिलचा अपंगत्वाचा दाखला, सगळं पळापळ करून गोळा केलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. वकिलांनी विचारलं, "पत्नी काय कमावतात?" भाऊजी म्हणाले, "काही नाही, घरीच असते." शेजारीच बसल्या होत्या हो वहिनी, वॉकर धरून! एक अक्षर बोलल्या नाहीत. वकीलच म्हणाले, "असं कोर्टात बोलू नका. सुप्रीम कोर्टानं 2024 साली सांगितलंय, गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या किमान मजुरीपेक्षा कमी धरायचं नाही." मग आकडेमोड. वहिनींचं वय 42, म्हणजे वर्षाचा आकडा 14 नं गुणायचा, त्याचा अपंगत्वाइतका टक्का. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या दुखण्याचे पैसे वेगळे. कागदावरचा आकडा बघून भाऊजी दोनदा पाणी प्यायले! लग्नाला एकवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच हिशेब कळला बिचाऱ्यांना.

कंपनीचा वकील काय म्हणाला माहितीय? बाईंनी हेल्मेट घातलं नव्हतं, रक्कम कमी करा. अहो, मोडलाय पाय आणि विचारतोय डोक्याचं! हेल्मेट हवंच, ते मी वहिनींनाही सुनावलंय, पण ते काय गुडघ्यावर घालतात?

लोकअदालतीत तडजोड करा, असंही सुचवलं कंपनीवाल्यांनी. भाऊजी डळमळले. वहिनी म्हणाल्या, "आकडा बघून ठरवू." आकडा बघितला आणि उठल्या. वॉकरसकट!

आता वहिनी घरात काय काय करायच्या, हे सांगायला साक्षीदार हवाय. पहाटेचं पाणी, दोन डबे, सासऱ्यांचं इन्शुलिन, गच्चीवरचे पापड... भाऊजींना निम्मं आठवेना. म्हणून माझं नाव दिलंय! येत्या मंगळवारी तारीख आहे. गच्चीवरचं वाळवण तुम्हीही बघायचात की, चला ना माझ्याबरोबर.