पिकअपला टायर घेताना

पिकअपला टायर लागतात चार, स्टेपनी धरून पाच. ते निवडायला मात्र किमान सहा जण जमतात: मालक, ड्रायव्हर, मिस्त्री, टायरवाला, मालकाचा मेहुणा आणि टपरीवरचा एक जाणकार, ज्याच्या नावावर सायकलही नसते. या बैठकीत खुद्द टायरला कोणी विचारत नाही. वास्तविक तो किती वजन उचलेल, किती वेग सोसेल आणि कधी जन्मला, हे सगळे त्याच्या अंगावर उठावदार अक्षरांत छापलेले असते.

महाराष्ट्रातली पिकअप ही मुळात डांबरावरची गाडी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरायचा, कल्याणमार्गे वाशी गाठायची आणि रिकामे क्रेट घेऊन परत फिरायचे, हा तिचा नित्यक्रम. या वाटेवर डांबर, काँक्रीट आणि या दोहोंच्या मधले खड्डे एवढेच भेटते. चिखल लागतो तो शेवटच्या पाणंदीत, तोही पावसाळ्यात. पण टायरच्या दुकानात पाऊल टाकताच मालकाला नेमकी तीच पाणंद आठवते आणि जाड गोट्यांचा, खोल खाचांचा ‘लग’ टायर त्याच्या डोळ्यांत भरतो. गाडी कशी भारदस्त दिसेल!

लग टायरच्या आडव्या खाचा चिखलात रुततात आणि चिखल मागे फेकत गाडी पुढे काढतात. डांबरावर फेकायला काही नसते. तिथे रबराचा रस्त्याला टेकणारा भाग कमी पडतो, गोट्यांच्या कडा वेड्यावाकड्या झिजतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो आणि डिझेल जास्त जाते. वेग वाढला की असा घूंऽऽ आवाज सुरू होतो, की ड्रायव्हर टेपचा आवाज वाढवतो आणि त्यालाच दुरुस्ती समजतो. ‘रिब’ टायरच्या खाचा लांबीच्या दिशेने सरळ जातात. त्यांतून पाणी निघून जाते, गाडी रेषेत चालते, स्टिअरिंग ऐकते. दिसायला तो अगदीच साधा, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्याचा एवढाच गुन्हा. पाणंदीचे दुखणे खरोखरच मोठे असेल तर मागे सेमी लग घालावा, पुढे रिबच ठेवावा. ट्रकवाल्यांची जुनी रीतही तीच आहे, कारण वळवण्याचे काम पुढच्या चाकांचे आणि ढकलण्याचे मागच्या.

नक्षीनंतर येतो आकडा. २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल तर रुंदी २१५ मिलिमीटर, साइडची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंचांची. इथवर बहुतेकांची गाडी पोहोचते. पुढे बारीक अक्षरांत लोड इंडेक्स असतो आणि सगळी गोम तिथेच असते. इंडेक्स १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मापाने तंतोतंत सारखे दोन टायर, एक जीपचा आणि एक मालवाहू ‘एलटी’ जातीचा, वजनाच्या बाबतीत असे शेकडो किलोंनी वेगळे निघतात. भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावर दोन टनांच्या आसपास भार येतो. तिथे जीपचा १०० इंडेक्सचा टायर स्वस्त पडतो म्हणून बसवणे म्हणजे दोन चाकांवर मिळून चारशे किलोंचा भरवसा देवावर टाकणे. ‘८ पीआर’ हा शिक्काही ताकदीचाच आहे. मात्र टायर कापून आठ थर मोजायला जाऊ नये, ते सापडणार नाहीत. सुती धाग्याच्या जमान्यात थर खरेच मोजत. आता ते नुसते ताकदीचे माप उरले आहे.

जादा भारावर मालकांनी काढलेला तोडगा म्हणजे पाटे वाढवणे. जादा पाटे टाकले की गाडी बसत नाही, आणि न बसलेली गाडी मालकाला हलकी वाटते. टायरला पाटे वाढवता येत नाहीत, ही त्यात राहून गेलेली बारीकशी अडचण.

नायलॉन की रेडियल, हा वाद पिकअपपेक्षा जुना आहे. मिशेलिन कंपनीने रेडियलचे पेटंट १९४६ साली घेतले आणि आजही टपरीवर त्यावर एकमत नाही. नायलॉनची साइड जाड आणि चिवट असते, दगड आणि जादा माल ती मुकाट्याने सोसते, पण लांब पल्ल्यावर टायर तापतो. रेडियल गार चालतो, जास्त किलोमीटर देतो, डिझेल वाचवतो. त्याची साइड मात्र नाजूक. खड्ड्याच्या कडेवर आपटला की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर ‘अजून काढेल महिनाभर’ म्हणून ठेवू नये. तो काढत नाही. डांबरावर धावणाऱ्या गाडीला रेडियलच घ्यावा. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन, असा आंतरजातीय संसार मात्र करू नये. वळणावर दोघे दोन दिशांना ओढतात.

पैशांअभावी दोनच टायर नवे घ्यायचे तर ते मागे बसवावेत. बहुतेक जण पुढे बसवतात, कारण पुढचे दिसतात. पुढचे चाक घसरले की स्टिअरिंगला कळते आणि पाय आपोआप सैल होतो. मागचे घसरले की गाडी घाटातच तोंड फिरवते, आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग आधीच हलका असतो.

नव्या टायरची पहिली परीक्षा लिंबावर होते. चारही चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घेतात, लिंबे फुटतात, टायर पास. त्यानंतर त्याच्याकडे लक्ष जाते ते पंक्चरच्या दिवशी. हवावाला ट्यूबलेस टायरमधला खिळा पक्कडीने उपटतो, भोकात चिकट दोरी खुपसून वरचे टोक कापतो, हवा भरतो आणि शेवटी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवतो. बुडबुडा आला नाही की काम झाले. एवढ्या खात्रीच्या यंत्रापुढे प्रेशर गेज मागायला कोणी धजावत नाही.

हवेइतके गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसतील. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, हा त्यातला शिरोमणी. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून फुटतो. हवा सकाळी, टायर गार असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी. भरल्या गाडीला मागे हवा बरीच जास्त लागते. तीच ठेवून वाशीहून रिकामे परतले की मागचा भाग प्रत्येक गतिरोधकावर उड्या मारतो, क्रेट उड्या मारतात आणि हौद्यात बसलेला हमालही. झिजेवरूनही निदान होते: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट.

टायर कधी बदलायचा, हेही टायरच सांगतो. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली उरते १.६ मिलिमीटर. चारचाकीला कायद्याने तेवढी लागतेच. त्याखाली टायर ‘गोटा’. जन्मतारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टोमॅटो एकेक दाबून घेणारा मालक हा आकडा न पाहता टायर घेतो, आणि दुकानदार त्याला जुना साठा ‘चांगला मुरलेला आहे’ म्हणून देतो. रिमोल्ड केलेला टायर पुढे कधीही घालू नये, त्याचे पैसे कितीही वाचोत.

काढलेला टायर दुकानदाराला मोडीत द्यावा. तो घराच्या पत्र्यावर वजन म्हणून किंवा गच्चीवर ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवला, तर त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. ठेवायचाच असेल तर त्याला खालून चार-दोन मोठी भोके पाडावीत, पाणी निघून जाते.