बर्फाविना हॉकी

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये संघ 32. बाकीचे तळघरांत, संगणकावरच्या नकली लीगमध्ये चालतात. तिथला हौशी जनरल मॅनेजर दिवसा दुकानात बिलं फाडतो आणि रात्री कोट्यवधी डॉलरच्या पगारमर्यादेत बचावपटू कोंबतो. सामना खेळतो संगणक: थोडे खेळाडूचे गुण, बाकी फासा. हरलं की दोष सॉफ्टवेअरचा, जिंकलं की दूरदृष्टी साहेबांची. 1988 साली एडमंटनने आपला हुकमी खेळाडू वेन ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला देऊन टाकला म्हणून हे अजून हळहळतात; स्वतः दर आठवड्याला तेच करतात. लीग सांभाळणारा कमिशनर बिनपगारी. रात्री दीड वाजता त्याच्याकडे तक्रार येते, ‘माझ्या गोलरक्षकाचा गुडघा दुखावलाच कसा?’ हा गुडघा म्हणजे फाइलमधला एक आकडा. तक्रारदाराच्या बायकोचा खरा गुडघा महिनाभर ठणकतोय. डॉक्टरची वेळ अजून घ्यायचीच आहे.