जावईबापू, तिसरी डिस्क!

श्री. रा. रा. जावईबापू यांस,
थोरल्या मेव्हण्याचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र जाहीर लिहितो आहे, कारण खाजगी मार्ग संपले. फोन करावा तर तुम्ही मीटिंगमध्ये. मेसेज टाकावा तर तो वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि पुढे चिडीचूप. आमच्या धाकटीला मध्ये घालायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. तिनं तुमच्याशी संसार मांडलाय, तेवढा व्याप तिला पुरे.

विषय: 'द गॉडफादर'च्या पाच डिस्कच्या संचातली डिस्क क्रमांक तीन.

२०२३ च्या अधिक श्रावणात तुम्ही आमच्याकडे धोंडे जेवायला आलात. ताटाभोवती रांगोळी, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार, वाणात तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन. हे सगळं यथासांग स्वीकारून, हात पुसता पुसता, तुमची नजर माझ्या काचेच्या कपाटाकडे गेली. "हे चार दिवस नेतो हां," म्हणालात. विचारलं नाहीत, कळवलंत. आता डॉन कोर्लिओनी मुलीच्या लग्नाच्या दिवशी कुणाची मागणी मोडत नाही. सिनेमा सुरूच तिथून होतो. बाहेर बँड वाजतोय आणि आत अंधाऱ्या खोलीत बोनासेरा नावाचा अंत्यविधीवाला आपलं गाऱ्हाणं मांडतोय. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. फरक एवढाच की बोनासेरानं पुढे उपकार फेडले. डॉनच्या मुलाचं, सनीचं, चाळण झालेलं शरीर आईला बघवेल असं करून दिलं. तुमच्याकडून तेवढीही अपेक्षा नव्हती. वस्तू जशी नेली तशी परत यावी, एवढंच.

दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात. हातावर आपट्याची पानं ठेवलीत आणि पानांखाली खोका. "सगळं आहे त्यात," असं न विचारता सांगितलंत. तेव्हाच ओळखायला हवं होतं. बिनचूक वस्तू परत करणारा माणूस असली ग्वाही देत नाही.

हा संच २००१ साली अमेरिकेत निघाला. माझ्या मावसभावानं तो न्यू जर्सीतल्या एडिसनहून कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणला. पहिल्या डिस्कवर १९७२ चा पहिला भाग, दुसरीवर आणि तिसरीवर मिळून १९७४ चा दुसरा, चौथीवर १९९० चा तिसरा, पाचवीवर पडद्यामागचा मसाला. दुसरा भाग तीन तास वीस मिनिटांचा असल्यानं तो दोन डिस्कवर विभागलेला आहे. आणि तुम्ही नेमका त्याचा उत्तरार्ध ठेवून घेतलात! चौथी ठेवली असतीत तर मी तुमच्या संयमाचं कौतुक केलं असतं. तिसऱ्या भागाला ऑस्करची सात नामांकनं होती आणि हातात एकही बाहुली पडली नाही. तो हरवला तर माणूस हळहळतो, पण जेवतो. दुसऱ्या भागानं मात्र सहा ऑस्कर नेली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवणारा तो पहिला उत्तरभाग ठरला.

आता आमच्या घरी काय होतं, ते ऐका. डॉनचा मुलगा मायकेल याच्या शयनगृहावर गोळ्यांचा वर्षाव होतो. मध्यरात्री त्याच्या भावाला, फ्रेडोला, फोन येतो आणि घरभेद्या घरातलाच आहे हे आम्हाला कळतं. झालं, त्याच्या निकालाची वेळ येण्याआधीच डिस्क संपते. ताहो तलावावरची ती होडी तुमच्याकडे. गुन्हा माझ्या घरी, शिक्षा तुमच्या घरी!

सिनेटच्या चौकशीचा प्रसंगही तिकडेच. फ्रँक पेंटांजेली मायकेलविरुद्ध साक्ष द्यायला येतो, बसतो, आणि मायकेलच्या शेजारी कोण बसलंय ते बघतो. सिसिलीहून आणलेला त्याचा सख्खा भाऊ. भाऊ एक शब्द बोलत नाही. टोपी, मिशा, नजर, बस्स. पेंटांजेली तिथल्या तिथे साक्ष फिरवतो. धमकी नाही, पिस्तूल नाही. मूळ बेत तर असा होता की ही जागा पहिल्या भागातल्या जाड्या क्लेमेंझानं घ्यावी. पण तो रंगवणाऱ्या रिचर्ड कॅस्टेलानोचं आणि निर्मात्यांचं जमलं नाही, म्हणून पेंटांजेली जन्माला आला आणि मायकेल गॅझोला ऑस्करचं नामांकन देऊन गेला. अडचणीतून माणसं असं काही उभं करतात. तुम्ही अडचण नसताना असं करता.

शेवटाजवळचा जेवणाच्या टेबलाचा प्रसंग तर मला फार प्रिय आहे. डिसेंबर १९४१, वडिलांचा वाढदिवस, पर्ल हार्बरवर नुकताच हल्ला झालेला. मायकेल सांगतो की तो सैन्यात भरती झालाय. या प्रसंगात वडिलांच्या भूमिकेतला ब्रँडो असायचा होता; तो चित्रीकरणाला आलाच नाही. मग दिग्दर्शक कपोलानं प्रसंग असा बसवला की वडील दाराशी आल्याचा गलका होतो, सगळे स्वागताला बाहेर धावतात आणि टेबलाशी मायकेल एकटा उरतो. न आलेल्या नटामुळे प्रसंग जास्त चांगला झाला, असं माझं ठाम मत आहे. न आलेल्या डिस्कमुळे मात्र काहीही चांगलं होत नाही.

तुम्ही सिनेमा पाहिलात की नाही, याबद्दल मला शंका होतीच. परत देताना तुमचा अभिप्राय आला, "प्रिंट फार काळी आहे हो." जावईबापू, गॉर्डन विलिस नावाच्या छायालेखकानं ती मुद्दाम काळी ठेवली होती. दिवे डोक्यावर लावले, त्यामुळे ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते आणि हा माणूस काय विचार करतोय ते कळत नाही. कळू नये हाच उद्देश. बायकापोरांचा, लग्नाचा, बागेतला उजेड बाहेर आणि धंदा आत काळोखात. स्टुडिओतल्या लोकांनाही तेव्हा धडकी भरली होती. ऑस्कर अकादमीनं पहिल्या दोन्ही भागांसाठी विलिसला साधं नामांकनसुद्धा दिलं नाही. तेव्हा तुमचं आणि अकादमीचं मत जुळतं, यात तुम्हाला आनंद वाटून घेता येईल.

दुसरा अभिप्राय: "शेवटी 'सरकार'च की!" बरोबर. २००५ च्या 'सरकार'मध्ये रामगोपाल वर्मानं गॉडफादरचं ऋण उघड मान्य केलंय आणि कोर्लिओनींना मुंबईतल्या नागरे घराण्यात आणून बसवलंय. त्याआधी १९७५ साली फिरोज खाननं 'धर्मात्मा' केला. १९८७ चा मणिरत्नमचा 'नायकन' मुंबईच्या वरदराजन मुदलियारच्या आयुष्यावर बेतलेला असला, तरी त्यातही कोर्लिओनींचं पाणी मुरलंय. वंश मोठा आहे. पण नातवंडं गोड आहेत म्हणून कुणी आजोबांना हाकलून देत नाही.

तिसरा अभिप्राय सगळ्यात तिखट. "आजकाल डिस्क कोण बघतं? सगळं मोबाइलवर मिळतं." मिळत असेल. पाचव्या डिस्कवरची कपोलाची वही मिळते का? पुझोच्या १९६९ च्या कादंबरीची पानं फाडून त्यानं मोठ्या कागदांवर चिकटवली आणि कडेच्या मोकळ्या जागेत प्रत्येक प्रसंगात काय साधायचं, कुठं घसरण्याचा धोका आहे, ते लिहून काढलं. चित्रीकरणाला तो ही जाडजूड वही घेऊन उभा राहायचा. तिन्ही सिनेमांवर त्याचं स्वतःचं निवेदन आहे; त्यात नोकरी कधी जाईल या धास्तीत पहिला भाग कसा काढला, हे तो अगदी मोकळेपणानं सांगतो. ते ऐकत सिनेमा पाहणं हा वेगळा सिनेमा आहे. आणि मोबाइलवर आज आहे ते उद्या असेलच असं नाही. खुद्द कपोलानं हात फिरवणं थांबवलेलं नाही. १९७७ मध्ये पहिले दोन भाग काळाच्या क्रमानं लावून अमेरिकी टीव्हीवर दाखवले. २०२० मध्ये तिसरा भाग नव्यानं कापून त्याचं नावही बदललं. ठीक आहे, दिग्दर्शकाला तो हक्क आहे. जावयाला नाही.

"मग नवा संच घ्या की!" हेही तुम्ही म्हणालात. मला ठाऊक आहे की रॉबर्ट हॅरिसनं झिजलेल्या मूळ निगेटिव्हची निगुतीनं डागडुजी केल्यावर २००८ साली निघालेला संच माझ्या संचापेक्षा कितीतरी देखणा आहे. २०२२ मध्ये पन्नाशीनिमित्त त्याहून नवा निघाला. दर काही वर्षांनी तेच तीन सिनेमे नव्या खोक्यात घालून पुन्हा विकण्याची ही कला कोर्लिओनींच्या ऑलिव्ह तेलाच्या धंद्याला शोभणारी आहे, पण तो वाद मी त्यांच्याशी घालीन. तुमच्याशी वाद माझ्या डिस्कचा आहे.

यातली खरी मौज तुमच्या लक्षात आली का? हा संच अमेरिकेचा, म्हणजे रीजन एकचा. आपल्याकडचे डीव्हीडी प्लेअर रीजन पाचचे. माझ्या प्लेअरचं कुलूप एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं रिमोटची बटणं दाबून उघडून दिलंय, म्हणून माझ्याकडे चालतो. तुमच्याकडे पडद्यावर 'चुकीचा रीजन' एवढंच उमटलं असणार. संगणकावर रीजन बदलता येतो, पण पाचदा. मग तो कायमचा गोठतो. म्हणजे तुम्ही स्वतःला न चालणारी वस्तू लांबवलीत. 'द सोप्रानोज'च्या दुसऱ्या पर्वात न्यू जर्सीची अख्खी टोळी गॉडफादरची चोरटी डीव्हीडी बघायला जमते, प्लेअर काही चालत नाही, आणि पॉली शेवटी त्याला बुटानं बडवतो. खऱ्या गुंडांची ही गत, तिथे तुमची काय कथा!

मग डिस्क गेली कुठे, हे कोडं यंदाच्या भाऊबीजेला सुटलं. धाकटी ओवाळणीचं ताट करत होती, म्हणून मी बाल्कनीत गेलो. ग्रिलला नायलॉनची दोरी आणि दोरीला ओळीनं चकत्या: प्रिंटरची एक, आरत्यांची एक, कुणाच्या तरी मुंजीची एक, आणि चौथी माझी. कबुतरं येऊ नयेत म्हणून! उन्हानं एका बाजूनं पांढुरकी पडलेली, मागच्या बाजूला ग्रिलच्या घासण्याचे ओरखडे. रॉबर्ट डी नीरोनं ज्या भूमिकेसाठी सिसिलियन बोली शिकून ऑस्कर मिळवलं, तिचा उत्तरार्ध तुमच्या बाल्कनीत गरगरत होता. बाजूला, त्याच दोरीवर, एक कबुतर निवांत बसलं होतं. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीच्या ग्रिलवर कात्री घेऊन चढणं बरं दिसलं नसतं, म्हणून गप्प बसलो आणि बासुंदी प्यालो.

जाता जाता एक आठवण करून देतो. कोर्लिओनींच्या घरात पहिला घात केला तो जावयानंच. कार्लो रिझी. त्यानं बायकोला, कॉनीला, मारलं, सनी संतापून निघाला आणि टोलनाक्यावर गोळ्यांत सापडला. आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणतात, ते सिसिलीतही लागू दिसतं. पुढे कार्लोचं काय झालं, ते पहिल्या डिस्कवर आहे, आणि ती माझ्याकडे शाबूत आहे. घाबरू नका. आपण मध्यमवर्गीय माणसं, आपली मजल जाहीर पत्रापर्यंत.

तेव्हा येत्या रविवारी डिस्क उतरवा, मऊ सुती फडक्यानं आतून बाहेर पुसा (गोल गोल नव्हे) आणि धाकटीच्या हाती पाठवा. ओरखड्यांचं काय ते मी बघतो. कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी बसवून घ्या. बिल माझ्याकडे पाठवा, ते मी भरीन.

आपला,
थोरला मेव्हणा